एक कलम कायद्याचे, एक हापूसचे

ज्या वीजप्रकल्पाला सगळे जग 'दाभोळ' म्हणते, तो दाभोळात नाही. खरे दाभोळ वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे, दापोली तालुक्यात आहे. प्रकल्प उभा आहे अलीकडे, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलला. एन्रॉनच्या काळापासूनचा हा घोळ. एन्रॉन गेली, २००१ मध्ये वीजनिर्मिती बंद पडली, २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी आली. त्या सगळ्या गदारोळावर पुस्तके निघाली, निवडणुका लढवल्या गेल्या. मागाहून जमिनीखालून जे आले, त्याचा मात्र फारसा आवाज झाला नाही. पनवेलहून दाभोळपर्यंत गॅसवाहिनी आली. २०१३ मध्ये दाभोळहून बंगळुरूकडे जाणारी वाहिनी सुरू झाली. मग जयगडच्या बंदरातून दाभोळपर्यंतची साठेक किलोमीटरची वाहिनी झाली. गावात याला 'लाइन गेली' एवढेच म्हणतात. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात एक ओळ वाढते, आणि तिचा अर्थ जमीन विकायला काढल्यावर कळतो.

त्या ओळीच्या मागे १९६२चा केंद्राचा कायदा आहे. तो जमीन घेत नाही, जमिनीच्या 'वापराचा हक्क' घेतो. मालकी तुमची, शेतसारा तुम्ही भरायचा, वारसनोंदही तुमच्याच मुलांची. कलम ३ची अधिसूचना राजपत्रात निघते, हरकतीला २१ दिवस मिळतात, सक्षम प्राधिकारी सुनावणी घेतो आणि कलम ६ची घोषणा झाली की हक्क सरकारकडे किंवा कंपनीकडे जातो. वर्षभरात घोषणा झाली नाही तर आधीची अधिसूचना रद्द ठरते. कोकणात अडचण त्या २१ दिवसांची आहे. एका सातबाऱ्यावर दहा-बारा नावे, त्यातली निम्मी मुंबईला. नोटीस गावातल्या काकांच्या हातात पडते आणि चाकरमान्यांना ती कळते गणपतीत.

आता मुद्द्याचे कलम, नववे. हक्क गेल्यावरही मालकाला जमीन पूर्वीसारखी कसता येते, पण तीन गोष्टींना बंदी आहे: बांधकाम करायचे नाही, विहीर, तळे किंवा बंधारा करायचा नाही, झाड लावायचे नाही. घाटावरच्या ज्वारीच्या किंवा हरभऱ्याच्या रानाला शेवटची अट जाचत नाही. कोकणात तीच सगळ्यात जड जाते.

रत्नागिरीतल्या डोंगरउताराच्या वरकस जमिनीला एकेकाळी किंमत अशी नव्हतीच. नाचणी, वरी, गवत, एवढेच तिथे व्हायचे. १९९० नंतर रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली आणि तीच जमीन आंबा-काजूची झाली. कातळात सुरुंग लावून खड्डे काढायचे, बाहेरून माती आणून भरायची, मग कलम लावायचे. म्हणजे इथे जमिनीची किंमत जमिनीत नसते, तिच्यावर उभ्या झाडात असते. आंब्याच्या कलमासाठी खड्डा सांगतात तो एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल. आणि कायदा सांगतो, वाहिनी जमिनीपासून एक मीटरपेक्षा कमी खोलीवर टाकायची नाही. कागदावर दोघांची हद्द इतकी जवळ येते, पण मुळे मीटरभर खाली जाऊन थांबत नाहीत. सुरक्षेपोटी झाडबंदी हवी, हे मला मान्य आहे. २०१४ मध्ये आंध्रातल्या नगरम गावात गॅसवाहिनी फुटून वीसहून अधिक माणसे गेली, हे विसरून चालणार नाही. माझी तक्रार बंदीबद्दल नाही, तिच्या मोलाबद्दल आहे.

मोल कलम १० ठरवते, आणि त्याचे दोन भाग आहेत. तोडलेली झाडे, उभे पीक, इतर मालमत्तेचे नुकसान यांची भरपाई वेगळी. वापराच्या हक्काबद्दल मात्र जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के, तोही कलम ३च्या अधिसूचनेच्या दिवशीचा भाव.

हिशेब करून पाहू. समजा, वाहिनीचा पट्टा २० मीटर रुंद आहे आणि तुमच्या बागेतून १०० मीटर जातो. क्षेत्र झाले २,००० चौरस मीटर, म्हणजे साधारण २० गुंठे, अर्धा एकर. कलमे १० बाय १० मीटरवर असतील तर २० झाडे गेली. बाजारभाव गुंठ्याला २० हजार धरला तर पट्ट्याची किंमत ४ लाख आणि वापराच्या हक्काचे ४० हजार. झाडांचे पैसे वेगळे मिळाले, ठीक. पण त्या २० जागांवर पुन्हा कधीच कलम लागणार नाही, तुमच्या नातवालाही लावता येणार नाही, आणि त्या 'कधीच'ची किंमत झाली जागेमागे २ हजार. सातबाऱ्यावर आठ हिस्सेदार असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ५ हजार. मुंबईहून सह्या करायला येण्याजाण्यात त्यातले किती उरतात, ते ज्याचे त्याने पाहावे.

हेच २० गुंठे भाताचे असते तर चित्र वेगळे. एक हंगाम बुडतो, त्याची भरपाई मिळते, बांध घालून दिले की पुढच्या आषाढात लावणी. तिथे १० टक्के हा व्यवहार वाईट म्हणता येणार नाही. फक्त खाचराच्या तळाची घट्ट चिखली चर खणताना फुटते आणि खालचा जांभा वर येतो. मग पाणी पूर्वीसारखे उभे राहत नाही. वरची माती वेगळी काढून शेवटी वरच पसरली जाते की नाही, हे मालकाने काम चालू असतानाच पाहायला हवे. नंतर सांगून उपयोग नसतो.

उरलेल्या जमिनीचे काय? कायद्याने घराला संरक्षण दिले आहे. राहती जागा, पक्के बांधकाम आणि घरालगतचे आवार यांच्याखालून वाहिनी नेता येत नाही. परिणामी रेघ वाडी सोडून बागेकडे आणि कातळाकडे वळते. पण आजचा कातळ उद्याचा एनए प्लॉट असतो. एका एकराच्या मधोमध पट्टा गेला की दोन्ही बाजूंना चिंचोळे तुकडे उरतात. विहीर एकीकडे, घराची जागा दुसरीकडे. गिऱ्हाईक दर पाडून मागते तो अख्ख्या एकराचा. भरपाई मात्र फक्त पट्ट्याची. शेजारी महामार्गाच्या चौपदरीकरणात जमीन गेलेल्याला बाजारभावाच्या कित्येक पट मिळालेले असतात, पण त्याची जमीनही गेलेली असते. दोघांची तुलना चहाच्या टपरीवर रोज होते. कायदा ती करत नाही.

न्यायालयांकडूनही फार आशा नाही. गुजरातमधल्या शेतकऱ्यांच्या याचिकांवर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा आणि त्यातले १० टक्के वैध ठरवले. सक्षम प्राधिकारी मात्र न्यायिक पदावरचा किंवा कायद्याचे शिक्षण घेतलेला हवा, असे बजावले. त्याच वर्षी तमिळनाडू सरकारचा, वाहिनी शेतातून न नेता महामार्गाच्या कडेने न्यावी, हा आग्रहही तिथे टिकला नाही. तरी कलम १० मध्ये एक दार उघडे आहे. प्राधिकाऱ्याने ठरवलेली रक्कम मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येते. तिथे उपयोगी पडतो तो पंचनामा: कलमांची संख्या, वय, घेर, मागच्या काही वर्षांत किती पेट्या निघाल्या त्याच्या पावत्या. पंचनाम्यात 'आंबा झाडे २०' एवढेच लिहून सही केली तर पाच वर्षांचे रोप आणि तीस वर्षांचे कलम एकाच भावात जाते. सही करण्याआधी फोटो काढावेत, आणि वहिवाटदार कोण हेही लिहून घ्यावे, नाहीतर पैसे येतात आणि भाऊबंदकीत अडकून पडतात.

विकत घेणाऱ्यालाही एक सांगायचे आहे. काम संपून दोन पावसाळे गेले की पट्ट्यावर हिरवे गवत येते, मध्ये झाड नाही, झुडूप नाही. मे महिन्यात पाहायला आलेल्या माणसाला तो आयता रस्ताच वाटतो. इशाऱ्याचे खांब दूर दूर असतात. सातबाऱ्यावरची नोंद वाहिनी गटातून गेल्याचे सांगते, पण गटाच्या कुठल्या कोपऱ्यातून, ते सांगत नाही. त्यासाठी वाहिनी दाखवलेला गटाचा नकाशा मागावा लागतो, आणि तो इसार देण्याआधी मागायचा असतो.