कोल्हापूरवरून सायकलवर कोकणात उतरणं सोपं, मग परत येताना घाट घाम का काढतो?

रविवारी पहाटे शिवाजी पुलावर उभं राहिलं की पन्हाळ्याच्या दिशेनं निघालेल्या सायकली दिसतात. हेल्मेट, टाइट कपडे, मागे लुकलुकणारा लाल दिवा. वीसेक किलोमीटर जायचं, शेवटचा चढ मारायचा, वर झुणका-भाकर खायची आणि ऊन तापायच्या आत घरी.

असे चार-पाच रविवार झाले की ग्रुपमध्ये कुणीतरी मेसेज टाकतंच, "भावा, आता गगनबावड्यावरून कोकणात उतरूया का?"

इथून खरा विषय सुरू होतो. पन्हाळा जमला म्हणजे घाट जमला, असा सगळ्यांचा समज असतो. पण पन्हाळ्याला चढ आधी येतो आणि उतार नंतर. कोकणाच्या ट्रिपमध्ये हे गणित उलटं होतं.

शहरच मुळात डोंगरावर आहे

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर आहे. इथं राहणाऱ्याला हे जाणवत नाही, कारण आजूबाजूला सगळं सपाट ऊसच ऊस. गगनबावडा शहरापासून साधारण 55 किलोमीटरवर. बालिंगा, कळे, साळवण, असळज करत रस्ता जातो. मध्ये छोटे चढ-उतार आहेत, पण एकूण उंचीत फार फरक पडत नाही. गगनबावडाही 600 मीटरच्या आसपासच आहे.

आणि तिथून पुढे जमीन एकदम संपते. करूळ घाटात साधारण 10 किलोमीटरमध्ये रस्ता जवळपास 500 मीटर खाली जातो. खाली वैभववाडी, पुढे तळेरे, मग मुंबई-गोवा हायवे.

म्हणजे जाताना दिवसभरात खरा चढ लागतच नाही. संध्याकाळी कणकवलीत मासे खाताना वाटतं, शंभर किलोमीटर झाले, एवढंच होय! बिल दुसऱ्या दिवशी येतं.

इंग्लंडवाले काय करतात?

डोंगराळ भागातून सामान लादून दोन-चार दिवस सायकल चालवायची, या प्रकाराला टूरिंग म्हणतात. इंग्लंडमध्ये त्यासाठी 'सी टू सी' नावाचा प्रसिद्ध मार्ग आहे. 1994 मध्ये तो सुरू झाला. पश्चिम किनाऱ्यावरून निघायचं, लेक डिस्ट्रिक्ट आणि पेनाइन्सचे डोंगर ओलांडायचे आणि पूर्व किनाऱ्यावर पोचायचं. अंतर साधारण 225 किलोमीटर. निघताना मागचं चाक समुद्रात भिजवायचं आणि पोचल्यावर पुढचं, अशी प्रथा आहे.

या वाटेवरचा हार्टसाइडचा चढ तिकडच्या सायकलवाल्यांत नावाजलेला. त्याची उंची किती? 580 मीटर. म्हणजे तिकडची मंडळी धापा टाकत जिथं पोचतात, त्याच्या थोडंसंच खाली आपण रंकाळ्यावर भेळ खात बसलेलो असतो.

पण यावर फार कॉलर ताठ करायची गरज नाही. ते समुद्रापासून सुरुवात करतात, त्यामुळे मोठे चढ ताज्या पायांनी मारतात आणि शेवटी समुद्राकडे उतरतात. शिवाय तिकडचे काही रस्ते भयंकर उभे आहेत. लेक डिस्ट्रिक्टमधल्या हार्डनॉट खिंडीत चढ काही ठिकाणी 30 टक्क्यांपर्यंत जातो. सह्याद्रीतले गाडीरस्ते असे नाहीत. त्यातले बरेच घाट इंग्रजांच्या काळात बैलगाडी चढेल असा बेताचा उतार ठेवून, वळणावळणानं आखले गेले. त्यामुळे आपला घाट छातीवर येत नाही, पण संपतही नाही.

टक्के म्हणजे काय आणि गिअर काय करतो?

5 टक्के चढ म्हणजे 100 मीटर पुढे गेल्यावर 5 मीटर वर. करूळची सरासरी साधारण एवढीच येते. वळणांवर ती वाढते.

आता हिशोब करू. सायकलवाला 70 किलो, सायकल 15, सामान 15. एकूण 100 किलो. जुन्या काळ्या सायकलला पुढे 44 दाते आणि मागे 18 असतात. पायडलचा एक फेरा मारला की सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. 5 टक्के चढावर याचा अर्थ, प्रत्येक फेऱ्याला 100 किलो वजन 27 सेंटीमीटर वर उचलायचं. टूरिंगच्या सायकलला पुढे 26 आणि मागे 34 दाते असतील, तर एका फेऱ्यात ती दीड मीटरच्या थोडी पुढे जाते. उचलायचं फक्त 8 सेंटीमीटर.

एकूण कष्ट वाचतात का? नाही. तेवढेच 500 मीटर चढायचेत. फक्त एक मोठा जिना छोट्या पायऱ्यांचा होतो. फेरे तिपटीनं वाढतात, पण गुडघा वाचतो. म्हणून सायकल घेताना '21 गिअर' या आकड्यापेक्षा मागचं सगळ्यात मोठं चाक किती दात्यांचं आणि पुढचं सगळ्यात छोटं किती, हे विचारावं. दुकानदार त्याआधी रंग दाखवतो, तो भाग वेगळा.

नुसत्या या उंचीसाठी शरीराला साधारण 470 कॅलरी लागतात. म्हणजे तीनेक भाकरी. त्याही आदल्या दिवशी 100 किलोमीटर झाल्यानंतर. आपल्याला घाट अवघड जातो तो इथं.

उतरतानाही जपावंच लागतं

चढताना जी ऊर्जा लागते, ती उतरताना कुठेतरी जाणारच. ती ब्रेकमध्ये जाते आणि तिची उष्णता होते. रिमवर दाबणारे ब्रेक असतील आणि दहा किलोमीटर ते धरूनच ठेवले, तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. म्हणून वळणाच्या आधी जोरात दाबायचा, वेग कमी करायचा आणि सोडायचा. वळणाच्या मध्यावर करकचून दाबला की चाक घसरतं. पावसात ओली रिम लवकर धरत नाही, त्यामुळे नेहमीपेक्षा बरंच आधी दाबायला सुरुवात करावी लागते.

पावसाचं आणखी एक आहे. गगनबावड्यात कोल्हापूर शहराच्या कितीतरी पट पाऊस पडतो. रील्समध्ये दिसणारं धुकं खरं असतं, पण त्याच धुक्यातून समोरून ट्रकही येत असतो. पंचगंगेला पूर आला की मांडुकलीजवळ पाणी येऊन हा रस्ता बंद होतो. पन्हाळ्याचा मुख्य रस्ताच जुलै 2021 च्या अतिवृष्टीत खचला होता. करूळ घाटही 2024 मध्ये रस्त्याच्या कामासाठी बंद होता, तेव्हा वाहतूक दुसऱ्या घाटांत वळवली होती. त्यामुळे निघण्याआधी घाट चालू आहे का, हे तिथल्या एखाद्या हॉटेलवाल्याला फोन करून विचारलेलं बरं.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पण तेव्हा उसाचा हंगाम असतो. दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरला अंधारात मागे दिवा असेलच याची खात्री नाही. थांबताना तो एकदम थांबतो आणि वळताना ट्रॉली रस्ता खाते.

मग जायचं कसं?

परतीचा चढ सकाळी येईल असा मुक्काम ठेवायचा.

म्हणजे पहिल्या दिवशी करूळनं उतरून तळेरेमार्गे कणकवली. जमलं तर तिथं न थांबता पुढे फोंडाघाट गावात मुक्काम, म्हणजे घाटाच्या अगदी पायथ्याशी. दुसऱ्या दिवशी उजाडताच फोंडा घाट चढायला घ्यायचा. ऊन चढेपर्यंत दाजीपूर गाठलं की सगळ्यात मोठा चढ मागे पडतो. पुढे राधानगरीला शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण बघत थांबता येतं. तिथून कोल्हापूर साधारण 50 किलोमीटर.

हाच घाट संध्याकाळी चढायला घेऊ नये, याला आणखी एक कारण आहे. रस्ता राधानगरी अभयारण्याच्या जंगलातून जातो आणि तिथं गवे आहेत. तिन्हीसांजेला ते रस्त्यावर येतात. गवा दिसला तर घंटी वाजवायची नाही, थांबायचं आणि त्याला जाऊ द्यायचं.

बाकी पर्याय आहेत. आंबोली सुमारे 690 मीटरवर असल्यानं सावंतवाडीकडून परत येताना चढ आणखी वाढतो. आंबा घाटात रत्नागिरी हायवेची वर्दळ. अणुस्कुरा तुलनेनं शांत, पण दुकानं कमी, त्यामुळे पाणी आणि पंक्चरचं सामान जवळ हवंच.

आणि पाय अगदीच बोलले तर? कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे, पण गाडी धावत नाही. त्यामुळे सायकल टेम्पोत टाकून घाट चढायचा. ड्रायव्हर भाडं आधी सांगतो आणि "सायकलवर कशाला गेलासा?" हे नंतर विचारतो.