चेहऱ्याच्या ॲसिडची बाटली किती दिवस वापरावी?

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी असलेल्या अलोऱ्यात पाऊस लागला की भिंतींना ओल येते, चपलांना बुरशी धरते. कोयना प्रकल्पाच्या वसाहतीमुळे ओळखल्या जाणाऱ्या या गावात आणि एकूणच चिपळूण तालुक्यात आता ग्लायकोलिक, लॅक्टिक, सॅलिसिलिक अशा नावांच्या बाटल्या आरशापाशी दिसतात. बाटली महाग, म्हणून ती वर्ष-दोन वर्षे पुरवली जाते. याविषयी आपल्या भगिनींशी आम्हाला थोडे बोलायचे आहे.

ही ॲसिडे त्वचेवरच्या मृत पेशी सुट्या करतात. ग्लायकोलिक उसात असते, लॅक्टिक दह्यात. सॅलिसिलिक तर आपल्या जुन्या ओळखीचे. गजकर्णावरच्या व्हिटफील्ड मलमात आणि कुरुपावरच्या पट्टीत तेच असते.

जुनी बाटली म्हणजे फक्त बेचव झालेले औषध, असा समज आहे. तो खरा नाही. ॲसिड सहसा लवकर नाहीसे होत नाही. झाकण सैल राहिले तर पाणी किंवा अल्कोहोल उडते आणि उरलेले ॲसिड अधिक तीव्र होते. जंतू रोखणारे द्रव्य मात्र कमजोर पडते. म्हणून रंग, वास बदलला, पाणी व मलई वेगळी झाली, तळाशी खडे दिसले, की बाटली टाकावी.

१९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील २०२०च्या नियमांप्रमाणे वेष्टनावर वापराची मुदत, बॅच क्रमांक आणि उत्पादकाचे नाव-पत्ता लागतो. ती मुदत न उघडलेल्या बाटलीची. उघड्या डबीचे चित्र व त्यात ‘१२ एम’ असेल, तर उघडल्यापासून बारा महिने. सील फोडाल त्या दिवशी तारीख पेनाने बाटलीवर लिहा. मुदत खोडलेला स्वस्त माल बाजारात कोणी कितीही गोड बोलून दिला तरी घेऊ नका.

न्हाणीघर ही सर्वांत वाईट जागा. वाफ आणि ओल तिथेच. पत्र्याखालचा माळा वैशाखात तापतो, खिडकीत ऊन येते. खोलीतले बंद कपाट बरे, तेही मुलांच्या हाताबाहेरचे. फ्रीजची गरज नाही. गारव्यात सॅलिसिलिकचे खडे होऊ शकतात. दुसऱ्या बाटलीत ओतून तर मुळीच ठेवू नका. नाव नसलेली बाटली घरात कोणीही काहीही समजून वापरील. मैत्रिणींत एक डबी फिरवून सगळ्यांनी बोटे बुडवणेही नको. थोड्या पैशांची लहान, पंपाची बाटली बरी.

यातली खरी काळजी वेगळीच आहे. गोरे होण्याच्या आशेने आपल्या मुली मुदत संपलेले, तीव्र ॲसिड रोज चोळतात. सावळ्या त्वचेला भाजले की काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. म्हणजे ज्या रंगाची लाज बाळगायला शिकवले, तो आणखी गडद होतो! १९२७ साली महाडला बाबासाहेब स्त्रियांशी बोलले ते स्वच्छता, पोशाख आणि स्वाभिमानाविषयी. लग्नाच्या बैठकीत मुलीचा रंग विचारणारे पाहुणे आजही येतात, हे आम्ही जाणतो. त्यांना उत्तर देण्याचे काम बाटलीवर टाकू नये.

वापरायचेच तर आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहा. रात्री लावा, दिवसा उन्हापासून चेहरा जपा. लिंबू चोळून उन्हात जाण्याने तर त्वचा भाजते. गरोदर भगिनींनी आधी डॉक्टरांना विचारावे. जळजळ थांबत नसेल तर भरपूर पाण्याने धुवा आणि बाटली सोबत घेऊनच कामथे येथील उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे जा. काय लावले होते, हे त्यांना वेष्टनावरूनच कळते.