आग कुठून लागली?

मुंबई-गोवा महामार्गावरच्या खांबसारख्या गावात भात झोडून झालं की पेंढ्याच्या उडव्या उभ्या राहतात. एखादी पेटली, की राख गार होण्याआधीच अमक्याने लावली म्हणून नाव घेतलं जातं. घर जळालं तर ‘शॉर्टसर्किट’ म्हणून विषय मिटतो.

सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत बातमीची शहानिशा करण्याचा हुकूम आहे. आगीच्या तपासाचा पायाही आम्हाला तोच वाटतो.

आग वर आणि बाजूला पसरते. भिंतीवरचा काळा डाग खाली निमुळता, वर रुंद असेल तर खालचं टोक आधी पाहावं. पण छपराचा जळता वासा खाली पडून तिथेही डाग पाडतो. एकाच खुणेवर भरवसा नको. वायरीवर वितळलेल्या तांब्याचा मणी सापडला तरी कारण शॉर्टसर्किटच, असं नाही. आगीत वायरीचं आवरण जळूनही तारा एकमेकींना भिडतात. ओलसर पेंढा दाबून रचला तर आतल्या आत तापतो, कधी पेटतोही. काडी कुणीच लावलेली नसते!

डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या कमला मिल आवारातल्या आगीत १४ जण गेले. सुरुवातीला गुन्हा एका रेस्टॉरंटच्या मालकांवर दाखल झाला; अग्निशमन दलाच्या अहवालाने मात्र शेजारच्या रेस्टॉरंटमधल्या हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवलं.

आपण मात्र आग विझताच झाडलोट करतो. आधी वीज तोडून घ्यावी, फोटो काढावेत, पंचनामा होईपर्यंत राख हलवू नये. आणि तोवर कुणाचं नावही घेऊ नये.