‘कन्क्लूजन’ एक, अर्थ अनेक : काय संपले आणि काय ठरले?

नाशिक - ‘आपला अर्ज निकाली काढण्यात आला आहे.’ सरकारी कार्यालयातून आलेल्या पत्रात हे वाक्य वाचून अनेक अर्जदार सुटकेचा निःश्वास टाकतात. आपले काम झाले, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात अर्ज मंजूर झाला की नामंजूर, याविषयी हे वाक्य काहीच सांगत नाही. कार्यालयाच्या लेखी तो विषय संपला, एवढाच त्याचा अर्थ. एखादी गोष्ट संपणे आणि एखादी गोष्ट ठरणे, हे दोन वेगळे व्यवहार एकाच शब्दात मिसळले, की असा गोंधळ होतो. इंग्रजीतील ‘कन्क्लूजन’ हा शब्द तर अशा गोंधळाचे आगरच आहे. शाळेतील प्रयोगवहीपासून चौकशी अहवालापर्यंत आणि प्रबंधापासून न्यायालयाच्या निकालपत्रापर्यंत तो सर्वत्र भेटतो आणि प्रत्येक ठिकाणी निराळा अर्थ घेऊन येतो.

दार बंद करणारा शब्द

‘कन्क्लूजन’चे मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘क्लॉडेरे’ म्हणजे बंद करणे. ‘क्लोज’, ‘इन्क्लूड’, ‘एक्स्क्लूड’ हे शब्दही याच कुळातले. बंद करणे या मूळ कल्पनेतून ‘कन्क्लूजन’ला पुढे पाच ठळक अर्थ मिळाले. कार्यक्रमाचा किंवा घटनेचा शेवट हा पहिला. लेखाचा वा भाषणाचा अखेरचा भाग हा दुसरा. विचारांती निघालेले अनुमान हा तिसरा, तर विवादानंतर दिलेला निर्णय हा चौथा. पाचवा अर्थ थोडा अनपेक्षित आहे. करार किंवा तह पक्का करण्यालाही इंग्रजीत ‘कन्क्लूजन’च म्हणतात.

मराठीने या प्रत्येक अर्थासाठी स्वतंत्र शब्द राखले आहेत. व्रताचे उद्यापन होते, पारायणाची सांगता होते, परिषदेचा समारोप होतो. ग्रंथाला उपसंहार असतो, तर संस्कृत नाटकाच्या शेवटी भरतवाक्य येते. प्रयोगातून निष्कर्ष निघतो, वादाचा निवाडा होतो आणि तह केला जातो. यांतील एक शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. नाशिककरांच्या परिचयाचे उदाहरण द्यायचे, तर सिंहस्थाची सांगता ध्वजावतरणाने होते. तेथे काही ठरवायचे नसते, पर्व संपल्याची खूण करायची असते. सिंहस्थाचा ‘निष्कर्ष’ झाला, असे कोणी म्हणणार नाही. इंग्रजी बातमीत मात्र दोन्हींसाठी एकच शब्द चालून जातो. भाषांतर करणाऱ्याने शब्दकोशातील पहिलाच प्रतिशब्द उचलला, तर फसगत होते ती इथे.

ओढून काढणे, निवडून काढणे

निर्णयासाठी आपण वापरतो त्या शब्दांची घडण पाहण्यासारखी आहे. ‘निष्कर्ष’मध्ये ‘कृष्’ हा ओढणे या अर्थाचा धातू आहे. निष्कर्ष म्हणजे आतून ओढून काढलेले सार. ‘निकाल’ या शब्दातही बाहेर काढण्याचीच क्रिया आहे. ‘निवाडा’चे नाते निवडण्याशी आहे. धान्यातून खडे निवडावेत, तसे खऱ्यातून खोटे बाजूला काढायचे. अरबीतून आलेल्या ‘फैसला’ या शब्दाच्या मुळाशीही वेगळे करणे हाच अर्थ आहे. इंग्रजी शब्दाने दार लावून घेतले आहे, तर आपल्या शब्दांत काही तरी काढण्याचे वा निवडण्याचे काम चालले आहे.

अर्थात, शेवट आणि निर्णय यांची सांगड आपल्याकडे नाहीच, असेही नाही. ‘सिद्धान्त’ या शब्दात ‘अन्त’ आहे. जे सिद्ध होऊन अखेरीस उरले, तो सिद्धान्त. ‘वेदान्त’ म्हणजे वेदांचा शेवटचा भाग आणि वेदांचे अंतिम तात्पर्यही. ‘निकाल’ तर परीक्षेचा लागतो, खटल्याचा लागतो आणि नको असलेल्या वस्तूचाही लावला जातो.

मात्र निष्कर्ष नेहमी शेवटीच येतो, असे समजण्याचे कारण नाही. न्यायदर्शनात अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथे धूर आहे, हा हेतू. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर अग्नी आहे, हे निगमन. पहिले आणि शेवटचे वाक्य एकच आहे. फरक एवढाच, की पहिल्या वेळी ते सिद्ध करायचे असते आणि शेवटच्या वेळी ते सिद्ध झालेले असते. मधल्या तीन पायऱ्या गाळून पहिल्यावरून थेट शेवटच्या वाक्यावर येणे, यालाच आपण उतावळेपणाने निष्कर्ष काढणे म्हणतो.

आनंदवल्लीची आठवण

गंगापूर रस्त्यावरील आनंदवल्ली हा आज शहराचाच भाग आहे. राघोबादादा पेशवे यांनी आपल्या पत्नी आनंदीबाई यांचे नाव या गावाला दिले. या दाम्पत्याच्या कहाणीत ‘कन्क्लूजन’चे तीन अर्थ वेगवेगळे दिसतात.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’ या शब्दाचे ‘मारावे’ असे झाले, ही आख्यायिका मराठी माणसाला ठाऊक आहे. ‘ध चा मा’ हा वाक्प्रचार तिच्यातूनच रूढ झाला. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून राघोबादादांना दोषी ठरवले आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितले, असे परंपरा सांगते. म्हणजे निष्कर्ष निघाला आणि निर्णयही झाला. प्रकरणाचा शेवट मात्र झाला नाही. शिक्षा अमलात आली नाही. पुढे बारभाईंचे कारस्थान उभे राहिले आणि राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले.

मार्च १७७५ मध्ये त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला. इंग्रजीत या तहाचेही ‘कन्क्लूजन’ झाले. त्याचा अर्थ शेवट असा घेतला, तर इतिहासच उलटा होईल, कारण पहिले इंग्रज-मराठा युद्ध याच तहातून पेटले. १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला तेव्हा ते थांबले. क्रियापद दोन्हीकडे एकच, परंतु एका तहाने युद्ध सुरू झाले आणि दुसऱ्याने संपवले. म्हणूनच ‘तह संपला’ आणि ‘तह झाला’ यांतील फरक भाषांतर करणाऱ्याने डोळ्यांत तेल घालून जपावा लागतो.

काळाराम ते येवला

याच शहरातील दुसरे उदाहरण अधिक जवळचे आणि अधिक जिव्हारी लागणारे आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली पंचवटीतील काळाराम मंदिर प्रवेश सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तो सुमारे पाच वर्षे चालवला. सत्याग्रहींनी मारहाण सोसली, तुरुंगवास पत्करला. मंदिराचे दार मात्र त्यांच्यासाठी उघडले नाही.

आंदोलन थांबले, हा त्याचा शेवट. पण त्यातून निघालेला निष्कर्ष पुढचा होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातीलच येवला येथे डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. हिंदू म्हणून जन्मलो, तरी हिंदू म्हणून मरणार नाही, असा त्या घोषणेचा आशय होता. पाच वर्षांच्या अनुभवातून काढलेले ते निगमन होते. ते प्रत्यक्षात उतरले १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला. इंग्रजीत ‘सत्याग्रहाचे कन्क्लूजन’ असे लिहिले, तर वाचकाला विचारावे लागेल, की काळारामाच्या दारातील अपयश म्हणायचे आहे की येवल्याची घोषणा? या दोन गोष्टी एकच मानणाऱ्याच्या हाती फक्त अपयशाची नोंद उरते आणि त्या लढ्याने काय ठरवले, हे नजरेआड होते.

कागद हाती आल्यावर

इतिहासातील हा फरक रोजच्या व्यवहारातही तितकाच महत्त्वाचा आहे. दिवाणी दाव्याच्या निकालपत्रात आधी मुद्दे मांडलेले असतात आणि प्रत्येक मुद्द्यासमोर न्यायाधीशांचा निष्कर्ष असतो. त्यामागे कारणे असतात आणि सर्वांत शेवटी आदेश. दिवाणी प्रक्रिया संहितेने न्यायनिर्णय आणि हुकूमनामा यांच्या व्याख्याही वेगळ्या केल्या आहेत. न्यायनिर्णयात कारणे सांगितलेली असतात, तर पक्षकारांचे हक्क अखेर काय ठरले, याची औपचारिक नोंद हुकूमनाम्यात असते. एखादा मुद्दा आपल्या बाजूने लागला म्हणून दावा जिंकला, असे होत नाही. त्यासाठी अखेरचा आदेश वाचावाच लागतो.

‘निकाली’ या शब्दाचेही तसेच. त्यातून विषय बंद झाल्याचे कळते, काय ठरले ते कळत नाही. माहिती अधिकार अधिनियम, २००५ नुसार माहिती नाकारताना कारणे, अपिलाची मुदत आणि अपील कोणाकडे करायचे हे कळवणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. निर्णय मिळाल्यापासून पहिल्या अपिलासाठी ३० दिवस मिळतात, तर दुसऱ्या अपिलासाठी ९० दिवस. दिवाणी दाव्याच्या हुकूमनाम्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील करण्याची मुदतही ३० दिवसांचीच आहे. ‘निकाली’ म्हणजे ‘झाले’ असे समजून कागद कपाटात ठेवणाऱ्याचे हे दिवस नकळत सरतात. काम झालेले नव्हते, हे लक्षात येते तोवर अपिलाचे दार खरोखरच बंद झालेले असते. विलंब माफ करून घेण्याची वाट असली, तरी त्यासाठी सबळ कारण दाखवावे लागते. शब्दाचा अर्थ कळला नाही, हे कारण पुरेसे ठरेल याचा भरवसा नाही.

म्हणूनच ‘कन्क्लूजन’ असो वा ‘निकाल’, असा शब्द समोर आला की दोन प्रश्न विचारावेत. काय संपले? आणि काय ठरले? चौकशी संपली असेल, पण दोष कोणावर ठेवला? बैठकीचा समारोप झाला असेल, पण ठराव कोणता झाला? अर्ज निकाली निघाला असेल, पण मागितले ते मिळाले का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पत्रात असते. दुसऱ्याचे नसेल, तर ते मागून घेणे हा अर्जदाराचा हक्क आहे, आणि तो मुदतीतच बजावायला हवा.