नवा प्रोसेसर, जुने इंजिन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

धाराशिव जिल्ह्यातल्या माकणीत बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलाला स्टॉकफिश हे जगातल्या सर्वांत बलवान इंजिनांपैकी, म्हणजे चाली शोधणाऱ्या प्रोग्रामांपैकी, एक आज फुकट मिळते. २०२५मध्ये महिला विश्वचषक जिंकणाऱ्या नागपूरच्या दिव्या देशमुखच्या पातळीवरचे खेळाडूही अशाच इंजिनांवर डाव तपासतात. इंजिन तेच, फरक फक्त यंत्राचा. म्हणूनच यंत्राबद्दलचे गैरसमज महाग पडतात. पहिला समज असा की, नवा संगणक घेतला की जुने इंजिन आपोआप त्याची पूर्ण ताकद वापरते. थोडा वेग वाढतो हे खरे. पण इंजिनाची तयार फाइल तिच्यात भरलेल्या प्रोसेसर-सूचनांपलीकडे जात नाही. पटावर घरे ६४, म्हणून इंजिने प्रत्येक प्रकारच्या मोहऱ्यांच्या जागा ६४ बिटांच्या एका संख्येत ठेवतात. ३२-बिट फाइलला अशा संख्येवरची क्रिया तुकड्यांत करावी लागते. ६४-बिट फाइल ती एका सूचनेत उरकते. प्रोसेसर ६४-बिट असला, तरी ३२-बिट फाइल तुकडेच करत बसते.

मग सर्वांत नवी सूचना वापरणारी फाइलच उत्तम, हा दुसरा समज. तोही अर्धाच खरा आहे. हत्ती आणि उंटाच्या चाली झटपट काढायला ‘पेक्स्ट’ ही सूचना उपयोगी पडते. पण एएमडीच्या झेन आणि झेन-२ प्रोसेसरांत ती इतकी संथ होती, की गुणाकाराची जुनी युक्तीच सरस ठरे. २०२०च्या झेन-३पासून हे दुखणे गेले. शिवाय, प्रोसेसरला ठाऊक नसलेली सूचना फाइलमध्ये आली, तर इंजिन तिथेच बंद पडते. अनेकजण अशा वेळी फाइल बिघडली असे समजतात. प्रत्यक्षात निवड चुकलेली असते.

तिसरा समज प्रोग्रामरांतही आढळतो : कोड नव्या प्रोसेसरसाठी पुन्हा कंपाइल केला की स्थलांतर संपले. २०२०मध्ये स्टॉकफिश १२ने स्थितीचे मूल्यमापन बहुतांशी न्यूरल नेटवर्ककडे सोपवले. त्यासाठी एकाच वेळी अनेक संख्यांवर क्रिया करणाऱ्या सूचना लागतात. इंटेल-एएमडीवर त्या एव्हीएक्स-२, तर मोबाइलच्या आर्म प्रोसेसरवर निऑन. हे भाग बऱ्याच अंशी हाताने लिहावे लागतात आणि हाताने लिहिले की चूक शिरते. चाली काढणाऱ्या भागातली चूक पकडायची रीत साधी आहे. सुरुवातीच्या स्थितीतून एका चालीत २० शक्यता, दुसऱ्या चालीअखेर ४००, तिसऱ्या ८,९०२, चौथ्या १,९७,२८१. प्रोसेसर कोणताही असो, हे आकडे तेच यायला हवेत. एकाचाही फरक पडला, तर चाली काढण्यातच दोष आहे. म्हणून आधी अचूकता, मग वेग.

यावर आक्षेप येतो : साधा मोबाइलही माणसाला हरवतो, मग एवढा खटाटोप कशाला? मोबाइलच्या जातीचा प्रोसेसर दुबळा नसतो, हे तर जुनेच सिद्ध आहे. १९९२मध्ये माद्रिदची जागतिक संगणक बुद्धिबळ स्पर्धा आर्म-२वर चालणाऱ्या चेसमशीनने जिंकली होती. २००९मध्ये ब्युनोस आयर्सच्या स्पर्धेत पॉकेट फ्रिट्झ ४ या प्रोग्रामने एका मोबाइलवरून १०पैकी ९.५ गुण मिळवले, तेही सेकंदाला २०,०००हून कमी स्थिती तपासून. १९९७च्या डीप ब्लू या महासंगणकाचा वेग सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती होता. वेगापेक्षा प्रोग्रामची समज मोठी, हे यातून दिसतेच. पण विद्यार्थ्याला नुसते जिंकणारे यंत्र नको असते. आपली चूक कुठे झाली याचे भरवशाचे उत्तर हवे असते. जुळणारी फाइल तेच उत्तर कमी वेळात आणि कमी बॅटरीत देते. म्हणून नवे यंत्र घेण्याआधी हातातल्या यंत्राचा प्रोसेसर कोणता ते पाहा, त्याला साजेशी फाइल निवडा आणि एकाच स्थितीवर दोन फाइलींचा वेग ताडून पाहा. पैसे त्यानंतर खर्च करा.