लॅपटॉपास जोडावयाचा पडदा : इंच आणि बिंदू

लॅपटॉपचा स्वतःचा पडदा बहुधा चौदा ते साडेपंधरा इंचांचा असतो. एखादा निबंध लिहिण्यास तेवढा पुरतो. परंतु दोन पानें शेजारीं शेजारीं ठेवून वाचण्याचा प्रसंग आला कीं तो तोकडा पडतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचें १९२६ सालीं धुळें येथें निधन झालें, आणि त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ त्याच शहरांत आहे. त्यांच्या कार्याची माहिती ऐकून आपल्या खानदेशांतील एखाद्या विद्यार्थ्यास मोडी वाचण्याची गोडी लागली, तर त्यास एका अंगास जुन्या कागदाचें छायाचित्र व दुसऱ्या अंगास आपलें बाळबोध लिप्यंतर ठेवावें लागतें. अशा वेळीं निराळा मॉनिटर घेण्याचा विचार घरांत सुरू होतो, आणि दुकानांत गेल्यावर बहुतेक पालक पहिला प्रश्न करितात, "किती इंचांचा?"

एवढ्याच प्रश्नानें काम कां भागत नाहीं, तें पाहूं. पडद्यावरील चित्र बारीक बिंदूंचें बनलेलें असतें. त्यांस पिक्सेल म्हणतात. आडवे १९२० व उभे १०८० बिंदू असलेला पडदा फार प्रचारांत आहे. एकूण वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशें बिंदू झाले. आतां दारापुढील ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढें आणा. ठिपके तेवढेच ठेवून ती मोठ्या अंगणभर पसरली, तर रांगोळी मोठी दिसेल खरी, पण ठिपके विरळ होतील. पडद्याचेंही तसेंच आहे. हेच बिंदू १५.६ इंचांच्या लॅपटॉपवर इंचास १४१ पडतात, २४ इंचांच्या मॉनिटरवर ९२, आणि २७ इंचांच्या मॉनिटरवर अवघे ८२. जास्त पैसे मोजून आणलेला मोठा पडदा अक्षरांच्या रेखीवपणांत लहानाहून उणा ठरतो, तो असा.

हा उणेपणा देवनागरी वाचणारास अधिक जाणवतो. इंग्रजी अक्षरांचें अंग मोकळें असतें. आपल्या अक्षरांस वर रफार, मात्रा व अनुस्वार, खालीं उकार, आणि पोटांत जोडाक्षरांची दाटी. ध आणि घ, भ आणि म यांतील भेद शिरोरेषेजवळच्या एका लहानशा फटीवर अवलंबून असतो. बिंदू जाड असले कीं बारीक टाइपांत ती फट बुजते, आणि मूल नकळत पडद्याकडे वांकूं लागतें.

निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन जेमतेम ओळखतो. मेजावरच्या नेहमींच्या अंतरावर, म्हणजे सुमारें ६० सेंटिमीटरांवर, हा कोन ०.१७ मिलिमीटर भरतो. वरील २७ इंची पडद्याचा बिंदू ०.३१ मिलिमीटर, तर २४ इंची पडद्याचा ०.२८ असतो. २७ इंचांतच २५६० बाय १४४० बिंदू घेतले तर तो ०.२३ वर येतो, आणि ३८४० बाय २१६० घेतले, ज्यास बाजारांत फोर-के म्हणतात, तर ०.१६ होतो. या शेवटल्या पडद्यावर बिंदू वेगळा असा दिसतच नाहीं.

मग सर्वांनीं फोर-के घ्यावा काय? माझें मत तसें नाहीं. त्यावर अक्षरें आहेत तशीं ठेविलीं तर मुंगीएवढीं दिसतात. तीं दीडपट मोठीं केलीं, म्हणजे जागा २५६० बाय १४४० एवढीच उरते, फक्त रेषा गुळगुळीत होतात. शिवाय जुन्या लॅपटॉपची एचडीएमआय १.४ जातीची जोडणी इतके बिंदू सेकंदास तीसच वेळां पाठवूं शकते, आणि माउसचा बाण अडखळत चालतो. यूएसबी-सीचें भोंक आहे म्हणून त्यांतून चित्र जाईलच असेंही नाहीं. लॅपटॉपची माहितीपत्रिका आधीं पाहावी. ज्या घरीं मेज दोन फुटांहून खोल नाहीं व खर्च बेतानें करावयाचा आहे, तेथें २४ इंच व १९२० बाय १०८० हा सौदा वाईट नाहीं. २७ इंचच हवे असतील तर २५६० बाय १४४० च्या खालीं उतरूं नये. मोडी कागदांचीं छायाचित्रें नित्य पाहणारानें मात्र फोर-केचा विचार अवश्य करावा.

आपल्याकडील उन्हाळा विसरून चालणार नाहीं. चकचकीत कांचेच्या पडद्यांत जळगांवची दुपार खिडकीसकट दिसते. म्हणून पृष्ठभाग निस्तेज असावा व पडदा खिडकीशीं काटकोनांत मांडावा. वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण बाहेरचा पडदा बहुधा तत्क्षणीं विझतो. काम त्यानें बुडत नाहीं, तें लॅपटॉपच्या पडद्यावर परत येतें. पण परीक्षेच्या आदल्या रात्रीं हें ठाऊक असलेलें बरें.

दुकानांत जातांना स्वतःचा लॅपटॉप बरोबर न्यावा. दुकानदार रंगीत चित्रपट लावून दाखवील. तो पाहून झाल्यावर बारीक टाइपांतलें एखादें मराठी पान त्याच पडद्यावर उघडावें, दोन फूट मागें बसावें, आणि ध व घ मुलासच वाचावयास सांगावे.