काट्याचा आकडा संगणकात जाताना

यवतमाळ जिल्ह्याचा बाजार मुख्यतः कापसावर उभा आहे. कापसाची गाडी इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढते, आकडा दिसतो आणि जेथे संगणक जोडलेला असतो तेथे तोच आकडा तारेतून जाऊन पावतीवर उमटतो. काटा चोख आहे की नाही हे सारेच पाहतात; परंतु आकडा संगणकात नीट पोहोचतो की नाही, हे क्वचितच कोणी पाहतो. या वाटेचे वर्णन यंत्राच्या माहितीपुस्तिकेत असते. ते वाचण्याची रीत आम्ही येथे देत आहोत.

संगणकाला फक्त शून्य व एक कळतात. अशा एका खुणेला बिट आणि आठ बिटांना बाइट म्हणतात. एका बाइटमध्ये ० ते २५५ ही संख्या मावते. आठ खुणा लिहिण्याऐवजी पुस्तिकेत सोळाच्या पायाची, म्हणजे हेक्साडेसिमल पद्धत वापरतात. तीत ९ नंतर दहा ते पंधरासाठी ए ते एफ ही अक्षरे येतात.

येथे पहिला घोटाळा होतो. '१०' म्हणजे साध्या पद्धतीत दहा, तर या पद्धतीत सोळा! म्हणून चांगल्या पुस्तिकेत '०एक्स१०' किंवा '१०एच' असे लिहितात.

दुसरा घोटाळा क्रमाचा. ५०० किलो दोन बाइटमध्ये '०१ एफ४' होतात, कारण १ × २५६ + २४४ = ५००. काही यंत्रे मोठा भाग आधी पाठवितात, काही लहान. क्रम उलटा धरला तर तेच वजन ६२,४६५ होते. डॅनी कोहेन यांनी १९८० साली या दोन रीतींना 'बिग एंडियन' व 'लिटल एंडियन' ही नावे वापरली. ती गलिव्हरच्या प्रवासातील अंडे फोडण्याच्या भांडणावरून घेतलेली आहेत.

तिसरा घोटाळा उणे वजनाचा. 'एफएफ एफई' म्हणजे एका रीतीने उणे २, दुसऱ्या रीतीने ६५,५३४. शिवाय काही काटे संख्या न पाठविता अक्षरे पाठवितात. तेव्हा ५०० हे '३५ ३० ३०' असे तीन बाइट होतात.

व्यापारी बांधवांनी काटा जोडून घेताना पद्धत, क्रम, उणे चिन्ह आणि एकक या चार गोष्टी विक्रेत्याकडून लेखी घ्याव्यात. रिकाम्या काट्यावर शून्य आले म्हणून जोडणी बरोबर आहे असे समजू नये. शून्य कोणत्याही क्रमाने वाचले तरी शून्यच! २५७ चेही तसेच, कारण ते '०१ ०१' असते. निरनिराळी तीन-चार माहीत असलेली वजने ठेवून काट्यावरचा व पावतीवरचा आकडा ताडून पाहावा. मापात पाप नको, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. आता ते मापाच्या लिखाणालाही लागू आहे. शेतकऱ्याच्या हाती पडते ती पावतीच.